क्रँकबेटला लागलेला बास वारंवार सुटतो : हुकपासून रॉडपर्यंत काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

क्रँकबेट म्हणजे रील फिरवून पाण्यातून ओढायचं, माशासारखं दिसणारं कडक खोटं आमिष, आणि बास हा त्याला लागणारा मासा. आधी लक्षणं सांगतो. तुमचं दुखणं हेच आहे का ते बघा.

मासा ठोकर देतो, रॉडला वजन येतं, दोन-चार सेकंद तो ओढतो आणि लाईन एकदम ढिली पडते. क्रँकबेट रिकामा काठाशी येतो. किंवा मासा अगदी पायाशी येतो, पाण्याबाहेर उसळतो, डोकं झटकतो आणि आमिष फेकून देतो. कधी ट्रेबल हुकच्या तीन टोकांपैकी एक उघडून सरळ झालेलं परत येतं. कधी नुसतेच ठोके बसतात आणि काहीच लागत नाही. आणखी एक लक्षण आहे, जे लोक या दुखण्याशी जोडतच नाहीत : कास्ट, म्हणजे आमिषाची फेक, जवळच पडतो, रीलवर लाईनचा गुंता होतो आणि तासाभरात मनगट भरून येतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की माझा संशय रॉडवर जातो. तरीही रॉडला मी सगळ्यात शेवटी हात लावतो, कारण रॉड महाग असतो आणि कितीतरी वेळा दोष चार पैशांच्या हुकमध्ये निघतो.

मी नऊ वर्षं टेक्सासात डॅलसजवळ होतो. तिथले बहुतेक रविवार बासच्या मागे गेले. परत इंदूरला, रामबागेतल्या घरी आल्यापासून माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक इथली मुलं, ज्यांनी क्रँकबेट मागवलेत आणि ज्यांच्या हातून मरळ सुटतोय. दुसरी म्हणजे अमेरिकेत शिकायला गेलेली आपली भाचे-पुतणे मंडळी, जी तिथल्या तळ्याच्या काठावरून व्हिडिओ कॉल करतात, “काका, आजही तिसरा गेला!” बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा, आपल्या माळव्यात तो नाही. पण दोघांच्या हातातली चूक मला बहुतेक वेळा एकच सापडली आहे.

मासा का सुटतो, हे आधी

बास आमिषाला कुत्र्यासारखा चावा घेत नाही. तो झटक्यात जबडा उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. क्रँकबेटला पोटाखाली आणि शेपटीशी असे साधारण दोन ट्रेबल हुक असतात, बारीक तारेचे. ते टाळूत खोल रुतत नाहीत. ओठाच्या कडेला, गालाच्या आतल्या पातळ पडद्याला एखादं टोक अडकतं आणि सगळी लढाई त्या एका टोकावर होते. धक्का बसला की पडद्याचं भोक मोठं होतं. भोक मोठं झालं आणि लाईन क्षणभर ढिली पडली की हुक आपोआप गळून पडतो.

पुढचं सगळं तपासणं एवढ्याचसाठी आहे : आपल्या मांडणीत धक्का कुठून येतो आणि ढिलाई कुठून.

पहिल्यांदा हुक

यात खर्च काहीच नाही, वेळ अर्धा मिनिट. हुकचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं ठेवा आणि दाब न देता हलकेच ओढा. धारदार टोक नखात जागच्या जागी रुतून बसतं. बोथट टोक घसरतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं. सहाही टोकांना हे करा. क्रँकबेट चालतोच मुळी दगडांना आणि बुंध्यांना ठेचकाळत, त्यामुळे सकाळी धारदार असलेलं टोक दुपारपर्यंत गेलेलं असू शकतं. हुक घासायची छोटी कानस मिळते, तिचे तीन-चार हात टोकाच्या दिशेनं मारले की काम होतं. टोक वाकलेलं किंवा उघडलेलं असेल तर पकडीनं सरळ करून वापरू नका. एकदा वाकलेली तार पुढच्या माशाला पुन्हा तिथेच वाकते. तो ट्रेबल काढून त्याच मापाचा आणि तेवढ्याच वजनाचा नवा घाला. वजन बदललं तर आमिषाची पाण्यातली चाल बदलते.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगा नवा रॉड घ्यायच्या तयारीत आला होता. त्याच्या क्रँकबेटचा मागचा ट्रेबल मी नखावर ठेवला तर तिन्ही टोकं साबणावरून घसरावीत तशी घसरली. पाकीटबंद नव्या आमिषाचे हुक होते ते. स्वस्त आमिषांवर असे हुक सर्रास येतात, म्हणून नवं आहे या भरवशावर राहू नका.

ड्रॅग

ड्रॅग म्हणजे रीलची सैल सोडायची यंत्रणा. मासा जोरात ओढू लागला की लाईन सुटली पाहिजे. बरेच जण “मोठा मासा पळेल” या भीतीनं ड्रॅग आवळून ठेवतात. मग माशाचा प्रत्येक झटका सरळ त्या पातळ पडद्यावर येतो.

लाईन रॉडच्या सगळ्या गाईडांमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, ओवा, टोकाला सामान तोलायचा हातकाटा अडकवा आणि दुसऱ्याला तो धरायला सांगा. तुम्ही रॉड वाकवून ओढा. लाईन जितका ताण सोसते त्याच्या पाव ते एक तृतीयांश वजनावर ड्रॅग सुटायला लागला पाहिजे. 12 पौंडाची लाईन साधारण 5.4 किलोची, म्हणजे काटा 1.3 ते 1.8 किलोच्या मध्ये असताना रील लाईन सोडू लागली तर बरोबर. सुटताना ती गुळगुळीत सुटते का तेही बघा. अडखळत, थांबत-थांबत सुटत असेल तर आतले वॉशर खराब आहेत. तो भाग पुढे येईल.

मोठ्या माशाची भीती किती धरायची, त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा. बासचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या आसपासचा आहे. तो 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी केला आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. तुमच्या-माझ्या गळाला लागणारा बास किलो-दीड किलोचा. त्याच्यासाठी ड्रॅगला कुलूप घालायची गरज नाही.

गाईड आणि गाठ

कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक गाईडच्या कड्यातून गोल फिरवा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर त्या कड्याला चीर आहे, आणि ती चीर दर कास्टला लाईन खरवडते. टोकाचं कडं आधी तपासा, रॉड गाडीतून काढताना पहिला मार त्यालाच बसतो. गाठ दर दोन-तीन तासांनी तोडून नवी बांधा. आमिषाच्या नाकाला गोल कडी किंवा लहान गोल स्नॅप असावा, म्हणजे ते मोकळेपणानं डोलतं. जड स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी जोडकडी, लावला की नाक खाली झुकतं आणि चाल बिघडते.

आमिष सरळ पोहतंय का

काठाजवळ स्वच्छ पाण्यात आमिष वेगानं ओढून बघा. ते एका बाजूला पळत असेल किंवा उलटं होत असेल तर मासा ठोकर चुकवतो किंवा हुक बाहेरून लागतो. अशा वेळी आमिषाचं नाक आपल्याकडे धरायचं. ते आपल्याकडे येताना आपल्या उजव्या हाताला पळत असेल तर लाईन बांधायचा डोळा पकडीनं किंचित डावीकडे वाकवायचा. किंचित म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल इतकाच. मग पुन्हा ओढून बघायचं. लिप, म्हणजे आमिषाच्या नाकाखालची पुढे आलेली पट्टी, तुटलेली किंवा चिरलेली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, ते आमिष बाद करा.

लाईन

इथे माझा अनुभव ठाम आहे. क्रँकबेटसाठी विणलेली लाईन, म्हणजे ब्रेड, घातली असेल आणि रॉडही कडक असेल तर मासे सुटणारच. ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही. तिची ताकद बघून लोक हुरळतात, पण क्रँकबेटला ताकदीपेक्षा लवचीकपणा हवा. मोनोफिलामेंट चांगली ताणली जाते आणि पाण्यात तरंगायला बघते, म्हणून उथळ चालणाऱ्या आमिषाला उत्तम. फ्लुरोकार्बन बुडते आणि मोनोपेक्षा कमी ताणली जाते, म्हणून खोल जाणाऱ्या आमिषाला ती बरी. दोन्हीकडे 10 ते 12 पौंड बहुतेक कामाला पुरते. झाडोऱ्यात खेळत असाल तर थोडी जाड घ्या, पण लाईन जाड झाली की आमिष कमी खोल जातं हे ध्यानात ठेवा.

रॉड बदलण्याआधी एक दिवस नुसती लाईन बदलून बघा. निम्मं दुखणं इथेच गेलं तर रॉडचे पैसे वाचले.

हात

भाच्याला हे शिकवायला मला दोन हंगाम लागले. रबरी किड्याच्या किंवा बेडकाच्या आमिषाला मासा लागला की रॉड डोक्यावर उचलून जोरात हिसका मारतात, कारण तिथे एकच जाड हुक हाडात घुसवायचा असतो. क्रँकबेटला तो हिसका विष आहे. ठोकर बसली की रील फिरवतच राहायचं. वजन भरून आलं की रॉड बाजूला, पाण्याला समांतर, सावकाश मागे न्यायचा. बस्स. हुक बारीक आणि धारदार आहेत, चालत्या आमिषावर मासा स्वतःच लागतो.

मासा वर येताना दिसला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, उडी कमी होते. आणि त्याला काठापर्यंत आणताना रील थांबवू नका. उडी मारून डोकं झटकताना मासा शोधत असतो ती ढिलाईच.

रीलचा वेगही बघा. फार वेगवान रील घेऊन सावकाश ओढण्याची शिस्त हाताला राहत नाही, शिवाय खोल जाणारं आमिष ओढताना हात दुखतो. 5:1 ते 6:1 च्या दरम्यानची, म्हणजे हँडलच्या एका फेरीत लाईनची फिरकी पाच-सहा वेळा फिरवणारी, रील क्रँकबेटला सोयीची.

आता रॉड

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि मासे तरीही सुटत असतील, तर दोष रॉडचा. यावर जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

रॉडच्या बुडाशी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, पॉवर आणि अ‍ॅक्शन. दुकानातही लोक या दोन्हींची गल्लत करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती वजन लागतं : लाईट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट रॉड टोकाकडच्या पाव-एक तृतीयांश भागातच वाकतो, खालचा दांडा ताठ राहतो. मॉडरेट रॉड जवळजवळ अर्ध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. क्रँकबेटला मॉडरेट हवा. पॉवर मीडियम किंवा मीडियम हेवी चालते, पण अ‍ॅक्शनवर तडजोड नको.

इथल्या मुलांकडे हमखास कोणता रॉड सापडतो? मरळसाठी घेतलेला, बेडूक टाकायचा. हेवी किंवा मीडियम हेवी आणि फास्ट. मरळ पाणवनस्पतीतून उपसून काढायचा असतो, त्याचं तोंड हाडकं, हुक जाड, लाईन ब्रेड. तिथे तो रॉड अगदी योग्य. त्याच रॉडवर क्रँकबेट बांधला की तीन गोष्टी बिघडतात. मासा आमिष आत ओढायला जातो तेव्हा ताठ टोक ते देत नाही, उलट तोंडातून ओढून घेतं. मग नुसतेच ठोके बसतात. मासा झटके देतो तेव्हा मधे स्प्रिंग नसल्यामुळे पडदा फाटतो, नाहीतर बारीक हुक उघडतो. आणि दहा-बारा ग्रॅमच्या आमिषानं तो रॉड मागे वाकतच नाही. रॉड वाकला नाही तर आमिष त्याच्या जोरावर जात नाही, आपण दंडाच्या जोरावर फेकतो. म्हणून जवळ पडणं, म्हणून गुंता, म्हणून मनगट.

रॉड मोजायची माझी रीत अशी. सकाळचं ऊन गच्चीच्या भिंतीवर तिरपं येतं तेव्हा मी लाईन सगळ्या गाईडांतून ओवून तिच्या टोकाला पाण्यानं भरलेली अर्ध्या लिटरची बाटली बांधतो. रॉड जमिनीशी 45 अंशांत धरून बाटली हळूहळू उचलायची आणि भिंतीवरच्या सावलीकडे बघायचं. रॉड त्याहून सरळ उभा करायचा नाही, टोक तुटतं. सावलीत वाक कुठे सुरू होतो तिथे खडूनं खूण करायची. एका पुतण्याचे दोन रॉड असे शेजारी-शेजारी बघितले. दोन्हींवर मीडियम हेवीच लिहिलेलं. एकाची सावली टोकाशी आकड्यासारखी वळली आणि खाली काठीसारखी ताठ राहिली. दुसऱ्याची सावली मधल्या गाईडपासूनच वळत गेली, विळ्याच्या पात्यासारखी. तो बराच वेळ दोन्ही खुणांकडे बघत होता. त्यानंतर त्याला अ‍ॅक्शन शब्द कधी समजवावा लागला नाही. प्रत्येक कंपनीचं फास्ट आणि मॉडरेट थोडं वेगळं असतं, म्हणून लिहिलेल्यापेक्षा सावलीवर विश्वास ठेवा.

कशाचा बनलेला आहे, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आले. 1970च्या दशकात ग्रॅफाइटचे आले : हलके, ताठ, बारीकसा स्पर्शही हाताला कळवणारे. क्रँकबेटवाल्यांनी मात्र ग्लास सोडला नाही, कारण ग्लास उशिरा सावरतो आणि तो उशीरच माशाला आमिष आत घ्यायला वेळ देतो. ग्लासचा तोटा म्हणजे वजन. दिवसभर टाकायचं तर ग्लास आणि ग्रॅफाइट मिसळून केलेला कंपोझिट रॉड मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मॉडरेट अ‍ॅक्शनचा शुद्ध ग्रॅफाइट मिळाला तर तोही घ्यायला हरकत नाही.

लांबी 7 ते साडेसात फूट. काठावरून किंवा लहान होडीतून उथळ आमिष नेमकं झाडाशी टाकायचं असेल तर 7 फूट पुरे. खोल आमिषाला लांब कास्ट लागतो, कारण खाली जायला त्याला अंतर हवं. तिथे साडेसात किंवा थोडा जास्तच. रॉडवर आमिषाच्या वजनाची मर्यादाही लिहिलेली असते. पाव ते पाऊण औंस, म्हणजे 7 ते 21 ग्रॅम, एवढ्यात नेहमीचे बहुतेक क्रँकबेट बसतात. टेनेसीतल्या फ्रेड यंग यांनी हातानं कोरलेल्या ‘बिग ओ’सारखी बाल्सा लाकडाची आमिषं गुबगुबीत असली तरी हलकी असतात, वाऱ्यात भरकटतात. मऊ रॉड नसेल तर ती नीट फेकताच येत नाहीत.

अपवाद दोन. चौकोनी लिपचा क्रँकबेट बुंध्यांत, फांद्यांत ठेचकाळवायचा असेल तर थोडा ताठ, मॉडरेट-फास्ट रॉड घ्या. लिप नसलेला क्रँकबेट गवतातून झटकून सोडवायचा असेल तरीही तसाच.

आणि नर्मदेवरच्या मंडळींसाठी : बडवाहच्या बाजूला महाशीर, म्हणजे तिथला बाडस, हा वाहत्या पाण्यातला दांडगा मासा आहे. त्याच्यासाठी बासचा हा नाजूक हिशेब चालत नाही, हुकपासून सगळं जाड लागतं. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. लागला तर पाण्यातच हुक काढून सोडून द्या. राज्यात 16 जून ते 15 ऑगस्ट हा विणीचा बंदीकाळ असतो, तेव्हा गळ घरीच ठेवा. इंदूरकडच्या सिरपूर आणि यशवंतसागर या पाणथळ जागा 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत. तिथे सरावासाठीसुद्धा परवानगीशिवाय आमिष टाकू नका. सराव हुक काढून मोकळ्या मैदानावर करता येतो.

इथे हात थांबवा

रॉड वाकवताना ‘कट्ट’ असा आवाज आला किंवा दांड्यावर नखाला लागेल अशी रेघ दिसली, तर तो दांडा आतून गेलेला आहे. झटपट चिकटवायचा गोंद किंवा टेप लावून त्यावर मासा ओढू नका. ग्रॅफाइट तुटतो तेव्हा त्याच्या कुसळांसारख्या तारा हातात घुसतात. रॉड दुरुस्त करणाऱ्याला दाखवा आणि तो “नको” म्हणाला तर ऐका. चिरलेलं टोकाचं कडं एक वेळ घरी गरम गोंदावर बदलता येतं, पण मधल्या गाईडचा दोरा सुटला असेल तर ते बांधणाऱ्याचंच काम.

ड्रॅग अडखळतो, रील उलटी फिरते किंवा हँडलमध्ये खडखड येते, अशी रील उघडायच्या भरीस पडू नका. आतले वॉशर आणि स्प्रिंगा कोणत्या क्रमानं होत्या हे विसरलं की पुढे कारागिरालाही त्रास होतो.

विजेच्या तारांखाली कास्ट कधीच करायचा नाही, गडगडाट ऐकू आला तर रॉड खाली ठेवून निघायचं. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. शेतातल्या तळ्यांवर तारा अगदी डोक्यावरून गेलेल्या असतात, म्हणून काठावर पोचल्यावर आधी वर बघा.

ट्रेबल हुक अंगात घुसला, तर आधी लाईन कापा आणि मासा त्याच आमिषावर असेल तर त्याला वेगळा करा, नाहीतर तो हुक आणखी आत ओढतो. हुक डोळ्याजवळ, मानेत, सांध्यात किंवा बोटाच्या शिरेत असेल, किंवा हुकच्या टोकाचा उलटा काटा पूर्ण आत गेला असेल, तर तो ओढू नका. वर फडकं सैल गुंडाळा, हालचाल थांबवा आणि सरळ दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते डॉक्टर विचारतील, ती तारीख आठवून ठेवा.